लिंक्स मैदानांवर स्पर्धा खेळणाऱ्या हौशी गोल्फपटूंसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडांनी वेढलेल्या, हिरव्यागार आणि मऊ मैदानांवर खेळ शिकलेला हौशी गोल्फपटू जेव्हा स्कॉटलंड, इंग्लंड किंवा आयर्लंडच्या किनाऱ्यावरील लिंक्स मैदानावर पहिल्यांदा स्पर्धेसाठी नाव नोंदवतो, तेव्हा त्याला पडणारे प्रश्न बहुधा सारखेच असतात. मी स्वतः हौशी खेळाडू म्हणून या मैदानांवरील स्पर्धांत भाग घेत आलो आहे. सोबत्यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची माझ्या अनुभवातून व नियमांच्या अभ्यासातून तयार झालेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

समुद्रकाठचे प्रत्येक गोल्फ मैदान लिंक्स असते का?

नाही. समुद्र दिसणे ही लिंक्सची खूण नव्हे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वालुकामय पट्टा. फार पूर्वी समुद्र मागे हटताना वाळू मागे राहिली, वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या, त्यांवर बारीक आणि चिवट गवत उगवले. ही जमीन पिकाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून ती मेंढ्यांना चरायला आणि लोकांना खेळायला मोकळी राहिली. अमेरिकेतील पेबल बीच हे मैदान अगदी समुद्राला लागून आहे, पण ते कड्यावर वसलेले असल्यामुळे काटेकोर अर्थाने लिंक्स ठरत नाही. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स, कार्नुस्टी, रॉयल डॉर्नोक, इंग्लंडमधील रॉयल लिव्हरपूल, उत्तर आयर्लंडमधील रॉयल काउंटी डाउन, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहिंच ही खरी लिंक्स मैदाने होत.

स्पर्धकाच्या दृष्टीने या भूगोलातली एकच गोष्ट निर्णायक आहे: खाली वाळू असल्यामुळे पाणी झटकन झिरपते आणि जमीन वर्षाचा बराच काळ टणक राहते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचे मूळ या टणकपणात आणि उघड्यावरच्या वाऱ्यात आहे.

मऊ मैदानांवर चांगला खेळणारा खेळाडू येथे पहिल्याच फेरीत गडबडतो, याचे कारण काय?

कारण त्याला अंतर एकाच प्रकारे मोजायची सवय असते. मऊ मैदानावर दीडशे यार्डांचा फटका दीडशे यार्डांवर पडतो आणि तेथेच थांबतो, त्यामुळे झेंड्याचे (चेंडू ज्या भोकात घालायचा त्याची खूण) अंतर आणि क्लबचे (चेंडू मारायची काठी) अंतर यांची जोडी लावली की काम भागते. लिंक्सवर प्रत्येक फटक्याची दोन अंतरे असतात. एक हवेतून कापलेले आणि दुसरे जमिनीवरून धावलेले. यांपैकी दुसरे अंतर उतारावर, गवताच्या कोरडेपणावर, वाऱ्याच्या दिशेवर आणि चेंडू ज्या चार हात जागेत पडतो तिच्या उंचसखलपणावर ठरते. थेट झेंड्याजवळ टाकलेला उत्तम उंच फटका ग्रीनवरून (झेंड्याभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या भागावरून) उसळून मागच्या खळग्यात जातो, आणि ग्रीनच्या पंचवीस यार्ड अलीकडे पडलेला साधा फटका घरंगळत झेंड्याशी पोहोचतो.

म्हणून येथे विचाराचा क्रम उलटा करावा लागतो. आधी चेंडू शेवटी कोठे थांबायला हवा ते ठरवायचे, मग तेथे तो कोणत्या बाजूने घरंगळत येऊ शकेल हे पाहायचे, त्यावरून तो पहिल्यांदा कोठे टेकला पाहिजे ती जागा निश्चित करायची आणि सगळ्यात शेवटी क्लब निवडायचा. बहुतेक जुन्या लिंक्स ग्रीनची पुढची बाजू उघडी असते, ती याच खेळासाठी. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत चांगला स्विंगही फारसा उपयोगी पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाऱ्यात क्लबची निवड कशी करावी?

ढोबळ हिशेब असा आहे की समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी प्रत्येक मैलामागे अंतर सुमारे एक टक्क्याने वाढवावे आणि पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याच्या प्रत्येक मैलामागे सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी करावे. म्हणजे ताशी २० मैलांचा वारा तोंडावर असेल, तर १५० यार्डांचा फटका १८० यार्डांचा समजून खेळावा लागतो. तोच वारा पाठीशी असेल, तर तो १३५ यार्डांचा समजावा. मात्र पाठीच्या वाऱ्यात चेंडू कमी फिरकीने आणि चपट्या कोनात जमिनीवर उतरतो आणि खूप धावतो. त्यामुळे या १३५ मधून जमिनीवरची धाव पुन्हा वजा करावी लागते, आणि ती कधीकधी तीस यार्डांहूनही अधिक भरते. ही आकडेमोड अचूक नसते, पण वारा तोंडावर असताना तीन क्लब वाढवण्याचे (तीन पायऱ्या लांब मारणारा क्लब घेण्याचे) धैर्य तिच्यामुळे येते. बहुतेक हौशी खेळाडू एक क्लब वाढवतात आणि उरलेली तूट अंगातल्या जोराने भरून काढू पाहतात.

जोर लावण्याने नुकसानच का होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. चेंडूवर जितका जोराचा आघात, तितकी त्याची उलटी फिरकी जास्त. समोरच्या वाऱ्यामुळे चेंडूवरून वाहणाऱ्या हवेचा वेग आधीच वाढलेला असतो, त्यात ही फिरकी चेंडूला आणखी वर उचलते. तो फुग्यासारखा चढतो, शिखरावर क्षणभर थबकतो आणि जवळजवळ सरळ खाली येतो. लांबचा क्लब घेऊन सावकाश मारलेला चेंडू कमी फिरतो, कमी चढतो आणि वाऱ्याखालून निघून जातो.

आडव्या वाऱ्याच्या बाबतीत दोन मते आहेत. काही जण वाऱ्याविरुद्ध चेंडू वळवून त्याला सरळ राखतात. मी हौशी खेळाडूला वाऱ्यावर चेंडू सोडून देण्याचाच सल्ला देईन. निशाणा वारा जिकडून येतो त्या बाजूला पुरेसा सरकवावा, नेहमीचा फटका मारावा आणि उरलेले काम वाऱ्यावर सोपवावे. स्पर्धेच्या ताणात जो फटका रोज सरावात नाही, तो हमखास फसतो.

खालून जाणारा फटका नेमका कसा मारला जातो?

चेंडू उभे राहण्याच्या जागेत नेहमीपेक्षा एक-दोन चेंडूंइतका मागे घ्यावा, क्लब इंचभर खाली धरावा, वजन पुढच्या पायावर थोडे अधिक ठेवावे आणि आघाताच्या वेळी हात क्लबच्या पुढे राहतील असे पाहावे. मागचा स्विंग तीन-चतुर्थांश पुरेसा होतो. खरी कसोटी फटक्यानंतर असते: हात छातीच्या उंचीपाशीच थांबले पाहिजेत आणि क्लबचे डोके लक्ष्याकडे पाहत राहिले पाहिजे. फटक्यानंतर हात खांद्यावरून मागे गेले, तर चेंडू वर गेलाच असे समजावे. टणक जमिनीवर हा फटका नीट बसला की आवाजच वेगळा येतो. मऊ मातीतला धप्प आवाज न येता क्लब जमिनीवरून खरवडल्यासारखा कोरडा, आखूड आवाज येतो आणि मागे ढेकूळ न निघता फक्त गवताचा फिकट ओरखडा उरतो.

लिंक्सवरील बंकरांची एवढी भीती का बाळगली जाते?

येथील बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, लहान, खोल आणि बहुधा उभ्या भिंतीचे असतात. गवताच्या पट्ट्या एकावर एक रचून ही भिंत उभारतात, जवळून पाहिले तर थरांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. भोवतालची जमीन बंकराकडे कललेली असते, त्यामुळे तीन यार्ड दूरून जाणारा चेंडूही हळूच वळून आत पडतो. आत पडल्यावर तो तळाच्या मध्यभागी राहिला तर नशीब, अनेकदा तो भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसतो आणि तेव्हा झेंडा कोणत्या दिशेला आहे या माहितीला काही किंमत उरत नाही.

ओल्ड कोर्सवर असे ११२ बंकर आहेत आणि त्यांतल्या अनेकांना नावे आहेत. १४व्या होलवरचा (होल म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एक) हेल बंकर आणि १७व्याच्या ग्रीनला चिकटलेला रोड बंकर सर्वांना ठाऊक आहेत. याच मैदानावर १९२१ च्या ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धेत १९ वर्षांच्या बॉबी जोन्सने तिसऱ्या फेरीत, ११व्या होलवरील बंकरात सापडल्यानंतर स्पर्धेतून माघार घेतली होती. तोच जोन्स, आयुष्यभर हौशी खेळाडूच राहून, १९२७ मध्ये येथे ओपन जिंकला आणि १९३० मध्ये येथेच ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धाही जिंकला. या मैदानाशी जुळवून घेणे शिकता येते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

व्यवहाराची गोष्ट अशी की बंकरात शिरण्याआधीच निर्णय घ्यावा. पुढची भिंत चेंडूपेक्षा फार उंच असेल, तर बाजूला किंवा सरळ मागे खेळावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागले की एका फटक्याचे नुकसान चार फटक्यांवर जाते. तेही शक्य नसेल, तर चेंडू न खेळण्याजोगा जाहीर करता येतो. एका दंड-फटक्याने बंकराच्या आतच ठरलेल्या जागी चेंडू टाकता येतो किंवा मागच्या जागी परत जाऊन खेळता येते. २०१९ पासून दोन दंड-फटके स्वीकारून, झेंडा आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे जाऊन, बंकराबाहेरही चेंडू टाकता येतो. ही तरतूद हौशी खेळाडू फार कमी वापरतात. उभ्या भिंतीखाली ती पुष्कळदा स्वस्त पडते.

ग्रीनच्या जवळ आल्यावर वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) वापरावी की पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारा क्लब)?

शंका असेल तेव्हा पटर. ग्रीनभोवतीचे गवत इतके आखूड आणि जमीन इतकी घट्ट असते की ग्रीनबाहेर वीस-तीस यार्डांवरूनही पट करता येतो, आणि मधल्या प्रतीचा पट हा मधल्या प्रतीच्या चिपपेक्षा (छोट्या उचललेल्या फटक्यापेक्षा) जवळजवळ नेहमीच झेंड्याच्या जवळ जातो. मऊ मैदानांसाठी बनवलेली, तळाला जास्त फुगवटा असलेली वेज टणक जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. वेज न्यायचीच असेल, तर कमी फुगवट्याची न्यावी. ग्रीनपुढे चढण असेल, तर सात किंवा आठ क्रमांकाच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) चेंडू चढणीत आपटून वर नेण्याचा फटकाही सरावात ठेवावा.

ग्रीन संथ का असतात, आणि वाऱ्याने चेंडू हलला तर काय करायचे?

उघड्यावरच्या ग्रीन फार वेगवान केल्या, तर वाऱ्यात चेंडू जागेवर थांबणारच नाही, म्हणून त्यांचा वेग मुद्दाम बेताचा ठेवला जातो. तरीही मर्यादा येतेच. २०१५ च्या सेंट अँड्र्यूज येथील ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने ग्रीनवरचे चेंडू सरकू लागल्यामुळे खेळ कित्येक तास थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. त्याच स्पर्धेत पॉल डन हा आयरिश हौशी खेळाडू तीन फेऱ्यांनंतर संयुक्त आघाडीवर होता.

नियम नीट समजून घ्यावा, कारण येथे दंड नाहक बसू शकतो. ग्रीनवरचा चेंडू तुम्ही अजून उचललेला नसेल आणि वाऱ्याने हलला, तर तो जेथे थांबला तेथूनच दंडाविना खेळायचा असतो. मात्र खूण करून चेंडू उचलून परत ठेवलेला असेल आणि त्यानंतर वाऱ्याने हलला, तर तो मूळ जागी परत ठेवावा लागतो, यातही दंड नसतो. त्यामुळे वादळी दिवशी ग्रीनवर पोहोचताच खूण करून चेंडू उचलून ठेवणे शहाणपणाचे. पुढच्या झुळकीने तो उतारावरून खाली गेला, तरी जागा तुमचीच राहते.

पट मारतानाही वारा असतोच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पाय नेहमीपेक्षा अधिक फाकवून उभे राहावे, पटर खाली धरावा आणि लांब पटमध्ये वाऱ्याचा परिणाम जमिनीच्या उताराइतकाच गांभीर्याने धरावा.

झेंडा दिसतच नाही अशा होलवर काय करावे?

जुन्या लिंक्सवर आंधळे फटके असतातच. लाहिंचच्या डेल या होलवर ग्रीन टेकड्यांच्या कुशीत पूर्ण लपलेली आहे आणि टेकडीच्या उतारावरचा एक पांढरा दगड झेंड्याची त्या दिवसाची रेषा दाखवतो. खेळाडूने दगडावरच विश्वास ठेवावा, कल्पनेतल्या ग्रीनवर नव्हे. सराव फेरीत टेकडीवर चढून पलीकडे किती जागा आहे ते एकदा पाहून घेतले की स्पर्धेत हात आखडत नाही.

सराव फेरीत काय पाहावे?

गुणांकन अजिबात करू नये. एका होलवर दोन-तीन चेंडू वेगवेगळ्या ठिकाणी टाकून ते जमिनीवर कसे वळतात ते पाहावे. चुकलेला फटका कोणत्या बाजूला गेला तर पुढचा फटका खेळता येईल, हे प्रत्येक ग्रीनसाठी लिहून ठेवावे. माझ्या मते हीच नोंद सर्वांत मोलाची.

मैदानाची ठेवणही समजून घ्यावी. ओल्ड कोर्स आणि रॉयल ट्रून यांसारखी मैदाने किनाऱ्याने दूर जातात आणि त्याच मार्गाने परत येतात, त्यामुळे सलग अनेक होल एकाच वाऱ्यात खेळावे लागतात. ट्रूनला परतीचे नऊ होल बहुधा तोंडच्या वाऱ्यात येतात, म्हणून जाताना मिळवलेले फटके हे परतीची शिदोरी समजूनच खेळावे लागते. म्युरफिल्डची रचना वेगळी आहे: पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि दुसरे नऊ आतून उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वाऱ्याची दिशा सतत बदलत राहते.

ओल्ड कोर्सवर सात ग्रीन प्रत्येकी दोन होलसाठी सामाईक आहेत. अशा जोड-ग्रीनवर समितीने वेगळी सीमा आखलेली नसेल, तर संपूर्ण ग्रीन ही तुमच्या होलचीच ग्रीन मानली जाते. म्हणजे चुकीच्या टोकाला पडलेल्या चेंडूला मोफत सूट मिळत नाही आणि कधीकधी तीस-चाळीस यार्डांचा पट करावा लागतो. त्याचा सराव आधीच केलेला बरा.

चेंडू काटेरी झुडपात किंवा उंच गवतात गेला तर?

पिवळ्या फुलांचे गॉर्स नावाचे झुडूप अत्यंत काटेरी असते आणि त्यातून चेंडू खेळण्याचा प्रयत्न सहसा करूच नये. शोधण्यासाठी फक्त तीन मिनिटे मिळतात. म्हणून चेंडू हरवल्याची थोडीही शंका असेल, तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) हा शब्द स्पष्ट उच्चारून दुसरा चेंडू खेळावा. ‘दुसरा मारतो’ एवढेच म्हटले, तर तो दुसरा चेंडूच खेळातला चेंडू ठरतो.

यातली एक बारीक गोष्ट स्पर्धकांनी ध्यानात ठेवावी. मूळ चेंडू तीन मिनिटांच्या आत मैदानाच्या हद्दीत सापडला, तर प्रोव्हिजनल चेंडू सोडून द्यावा लागतो, मग मूळ चेंडू कितीही वाईट जागी असो. प्रोव्हिजनल फटका उत्तम बसला असेल आणि मूळ चेंडू दाट गॉर्समध्ये गेला असेल, तर शोध घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही, हेही तितकेच खरे. सोबत्यांना शोधू नका अशी विनंती करता येते. मात्र प्रतिस्पर्ध्याला शोधण्याचा हक्क असतो आणि त्याला वेळेत चेंडू सापडला, तर तुम्हाला त्याच चेंडूचा विचार करावा लागतो.

स्ट्रोक प्ले, स्टेबलफर्ड आणि मॅच प्ले यांपैकी लिंक्सवर कोणता प्रकार हौशी खेळाडूला मानवतो?

पहिल्यांदा खेळणाऱ्याने स्टेबलफर्ड स्पर्धा निवडावी. ही पद्धत मुळात लिंक्सच्या वाऱ्यातूनच आली आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी या लिंक्स क्लबचे सभासद होते. वादळी वाऱ्यात सामान्य खेळाडू पहिल्या एक-दोन होलवरच स्पर्धेबाहेर फेकला जातो, हे पाहून त्यांनी ही गुणपद्धत बसवली आणि १९३२ मध्ये वॉलेसीला तिच्यावर स्पर्धा झाली. हॅंडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) वजा जाता पार (होलसाठी ठरलेले फटके) झाला तर दोन गुण, एक फटका अधिक लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. होल पूर्ण फसला तर शून्य लिहून चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) नव्याने सुरुवात करायची. एका बंकराने दिवस वाया जात नाही.

मॅच प्लेचीही (दोघांनी एकेक होल जिंकत लढण्याच्या प्रकाराचीही) तीच खुबी आहे, कारण तेथे एका होलवरचे नुकसान त्या होलपुरतेच राहते आणि वारा दोघांनाही सारखाच असतो. १८८५ मध्ये रॉयल लिव्हरपूल येथे सुरू झालेल्या ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता आजही मॅच प्लेनेच ठरतो: आधी स्ट्रोक प्लेच्या फेऱ्यांतून पात्रता, मग बाद फेऱ्या आणि शेवटी ३६ होलचा अंतिम सामना. हौशी गोल्फचा आत्मा मला या प्रकारात सर्वांत स्वच्छ दिसतो.

स्ट्रोक प्ले मात्र कठोर आहे. तेथे प्रत्येक फटका मोजला जातो आणि चेंडू होलमध्ये गेल्याशिवाय सुटका नसते. तो खेळावा, पण मैदानाची ओळख झाल्यावर.

वादळी दिवसातील वाईट गुणांमुळे माझा हॅंडिकॅप बिघडेल का?

सहसा नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हॅंडिकॅप पद्धतीत तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरली जाते, त्यामुळे एखादी वाईट फेरी बहुधा हिशेबात येतच नाही. शिवाय त्या दिवशी त्या मैदानावर खेळलेल्या सर्वांचे गुण अपेक्षेपेक्षा कितपत वेगळे आहेत हे पाहून उणे १ पासून अधिक ३ पर्यंत दुरुस्ती केली जाते. वाऱ्यात सगळेच ढासळले असतील, तर तुमचा हिशेबही त्याप्रमाणे सुधारतो. उलट, वाऱ्यात चांगली फेरी झाली, तर हीच दुरुस्ती तिचे मोल वाढवते.

बाहेरच्या हौशी खेळाडूला कोणत्या स्पर्धांत प्रवेश मिळू शकतो?

अनेक लिंक्स क्लब वर्षातून काही दिवस खुल्या स्पर्धा ठेवतात. कोणत्याही मान्यताप्राप्त क्लबचा अधिकृत हॅंडिकॅप असलेल्या खेळाडूला त्यांत नाव नोंदवता येते, आणि सुरुवात तेथूनच करावी. त्यापुढच्या पायरीवर रॉयल डॉर्नोकची कार्नेगी शील्ड किंवा कार्नुस्टीची क्रॉज नेस्ट टॅसी यांसारख्या जुन्या, मानाच्या स्पर्धा आहेत. लाहिंच येथे १८९५ पासून होणारी साउथ ऑफ आयर्लंड, रॉयल लिदमची लिदम ट्रॉफी किंवा सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रॉफी या मात्र अव्वल हौशी खेळाडूंच्या स्पर्धा असून त्यांत अत्यंत कमी हॅंडिकॅप असलेल्यांनाच जागा मिळते. प्रेक्षक म्हणूनही त्या पाहण्यासारख्या आहेत, कारण टणक जमिनीवर चेंडू कसा धाववायचा हे तेथे जवळून दिसते.

बक्षिसांबाबत एक नियम लक्षात ठेवावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला ७०० पौंडांपर्यंतच्या मूल्याचे बक्षीस घेता येते. रोख रक्कम मात्र केवळ हॅंडिकॅप नसलेल्या स्पर्धेतच चालते.

कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) घ्यावा का?

पहिल्या फेरीसाठी अवश्य घ्यावा. फटक्याविषयी सल्ला तुम्ही फक्त आपल्या कॅडीला, किंवा जोडीच्या खेळात आपल्या जोडीदाराला विचारू शकता. सोबतच्या स्पर्धकाला ‘कोणता क्लब घेतलात?’ असे विचारले, तरी दंड बसतो. स्थानिक कॅडी निशाणा म्हणून एखादे दूरचे छप्पर किंवा चर्चचा मनोरा दाखवतो, तेव्हा तो फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मध्यापासून बराच बाजूला वाटला तरी तिकडेच मारावे.

कपडे आणि पिशवी यांची तयारी कशी असावी?

वाऱ्यात छत्रीचा उपयोग जवळजवळ नसतो. पाऊस रोखणारा, पण स्विंगला न अडवणारा अंगरखा आणि पाटलोण, पावसात पकड देणारे हातमोज्यांचे दोन जोड, कानावर घट्ट बसणारी लोकरी टोपी आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात कोरडा ठेवलेला टॉवेल एवढे हवेच. बहुतेक ठिकाणी पायीच खेळावे लागते, म्हणून पिशवी हलकी ठेवावी. चौदा क्लबांची मर्यादा लक्षात घेता सर्वांत उंच मारणारी वेज काढून तिच्या जागी लांब, कमी कोनाचा आयर्न घेणे मला नेहमी उपयोगी पडले आहे.

उत्तम फटक्याला वाईट फळ मिळाले, तर मन कसे आवरावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि तो योग्यच आहे, कारण येथे ही गोष्ट हमखास घडते. २००९ मध्ये टर्नबेरीला ५९ वर्षांचा टॉम वॉटसन, आधी पाच वेळा ओपन जिंकलेला, शेवटच्या होलवर एका फटक्याने आघाडीवर होता. त्याचा आठ क्रमांकाच्या आयर्नचा फटका अगदी मनासारखा निघाला, ग्रीनवर पडला आणि धावत मागच्या काठापलीकडे गेला. तेथून पार साधला नाही आणि जादा होलच्या लढतीत तो स्ट्युअर्ट सिंककडून हरला. लिंक्सवर सर्वांत जाणत्या खेळाडूलाही जमीन असे उत्तर देते.

म्हणून फटक्याचे मूल्यमापन चेंडू टेकेपर्यंतच करावे, असा शिस्तीचा नियम मी पाळतो. ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या उंचीने चेंडू टेकला असेल, तर माझे काम झाले, आणि पुढची धाव हा त्या मैदानाचा भाग. असे केल्याने राग येत नाही असे नाही, पण पुढच्या फटक्याचा निर्णय रागाच्या भरात होत नाही. उलट बाजूही प्रामाणिकपणे मान्य करावी लागते: चुकीच्या फटक्याला उंचवट्याने वळवून झेंड्याकडे नेले, तर तो गुण मिळतो आणि तो परत करायचा नसतो. अठरा होलमध्ये या दोन्ही गोष्टी घडतात, मात्र लक्षात राहते ती पहिलीच. सकाळी निघालेल्यांना शांत हवा आणि दुपारी निघालेल्यांना समुद्रावरचा वारा मिळणे, हेही याच सदरात येते. जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो, सोडतीत दुपारची वेळ आली तर त्याविषयी तक्रार न करता लांबचे क्लब वापरायची मनाची तयारी करावी.

पहिल्या स्पर्धेसाठी कोणत्या प्रकारचे मैदान निवडावे?

रुंद फेअरवेचे. ओल्ड कोर्सवर पहिला आणि अठरावा होल एकाच प्रशस्त फेअरवेवर आहेत, डावीकडे चुकलेला चेंडू बहुधा सापडतो आणि जाड रफपेक्षा (फेअरवेबाहेरच्या उंच गवतापेक्षा) कोन व उतार यांचीच परीक्षा होते. तेथे वेळ मिळवणे कठीण असते, पण त्याच धाटणीची कमी प्रसिद्ध मैदाने किनाऱ्यावर जागोजागी आहेत. कार्नुस्टीसारखे मैदान, जेथे शेवटच्या होलवर बॅरी बर्न हा ओढा दोनदा आडवा येतो आणि उजवी-डावी चूक दोन्हीकडे महाग पडते, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे. स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधी पोहोचता आले, तर एक सराव फेरी सकाळी आणि दुसरी दुपारी उशिरा खेळावी, म्हणजे त्याच होलवर दोन वेगळे वारे अनुभवायला मिळतील आणि कोणत्या वाऱ्यात कोणता क्लब हातात घ्यायचा याची नोंद टीवर जाण्याआधी तयार असेल.